दहा हजारांत काय घेऊ: रास्पबेरी पाय की स्वस्तातला टॅब्लेट?

गंगापूररोडकरीण | सोमवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

भाचा यंदा नववीत गेला. राहायला निफाडजवळ, घरची द्राक्षबाग. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. तिथं त्यानं आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर दिवे लुकलुकवले आणि तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचत नाही. वाढदिवसाला मावशीकडून रास्पबेरी पाय (एका छोट्या उघड्या बोर्डावरचा संगणक) हवाय. मेव्हण्यांचं म्हणणं, ते उघडं सर्किट घेऊन काय करणार, त्यापेक्षा टॅब्लेट घ्या, अभ्यासाला तरी होईल. बहीण म्हणते तूच ठरव. माझी मर्यादा दहा हजार, वर एक रुपया नाही.

घरात आधीपासून असलेलं सामान: एचडीएमआय असलेला जुना टीव्ही, काच तडकलेला पण धडधडीत चालू असलेला अँड्रॉइड फोन, घरापुरतं वायफाय. लाईटचं काय सांगू, येते तेव्हा असते.

मी बँकेतली. आकडे कळतात, व्होल्ट कळत नाहीत. तेव्हा जे सांगाल ते कारणासकट सांगा.

एकलव्य२० | १०.१४

टॅब्लेट. पुढचा प्रश्न?

सातपूरकर | १०.५२

ताई, पायची किंमत बघताना नुसत्या बोर्डाची बघू नका. बोर्ड म्हणजे फक्त बोर्ड. त्याला पॉवर सप्लाय, मायक्रोएसडी कार्ड, डबी, मायक्रो एचडीएमआयची वायर (टीव्हीची नेहमीची बसत नाही), कीबोर्ड, माऊस. पाय ५ घेतला तर पंखाही. त्यात २०२५च्या शेवटी मेमरी चिपा महागल्या म्हणून कंपनीनंच पायचे दर चढवले. जास्त रॅमचा पाय ५ घेऊन हे सगळं जमवायला गेलात तर दहा हजारांत बसणं अवघड आहे.

पॉवर सप्लायचं वेगळं सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. पाय ५ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. मोबाईलचा "फास्ट" चार्जर वॅट वाढवतो तो बहुतेक व्होल्ट वाढवून, ९ किंवा १२ करून. पायला ते चालत नाही, त्याला ५ वरच हवेत. ३ अँपिअरच्या चार्जरवर बोर्ड सुरू होतो, पण मग यूएसबी पोर्टांना सगळे मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर देतो. बाहेरची हार्डडिस्क लावली की रडारड.

पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअर पुरतात. शिकायला पाय ४ पुष्कळ झाला.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७.३०

मी शिक्षक आहे (विज्ञान, आठवी ते दहावी) आणि टॅब्लेटच्या बाजूनं बोलणार आहे. एकलव्यांनी एका शब्दात उरकलं ते जरा पसरून सांगतो.

एक, बॅटरी आतच असते. निफाड भागात लाईट गेली की पाय जागच्या जागी बंद, टॅब्लेट चालू. दोन, बालभारतीची पुस्तकं पीडीएफ मिळतात, ती फोनच्या पडद्यावर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. तीन, आणि हे लोक विसरतात: टॅब्लेटमध्ये सेन्सर असतातच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप केलं आहे. यंत्र झोपाळ्याला घट्ट बांधा, हलका झोका द्या, ॲप आंदोलनाचा काळ मोजून देतं. दोन मीटर लांबीच्या झोपाळ्याला सुमारे २.८ सेकंद यायला हवेत. त्यावरून मुलांनी गुरुत्वत्वरण काढलं की चेहरे बघण्यासारखे होतात. एकही वायर न जोडता.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला पायड्रॉइड ॲप आहे. पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, तापमान = 23 असं लिहिलं तरी कुरकुर करत नाही (आकडे मात्र इंग्रजीच लागतात). माझ्या वर्गात याचा फार उपयोग होतो. इंग्रजीला बिचकणारी मुलंही हात घालतात.

पायवेडा | ९.०५

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पहिली गोष्ट, स्वस्त टॅब्लेटमध्ये गायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) बहुधा नसतो. खर्च वाचवायला कंपन्या तोच आधी काढतात. फायफॉक्सचा लंबकाचा प्रयोग गायरोस्कोपवरच चालतो. घेण्याआधी खोक्यावरची सेन्सरची यादी वाचावी लागेल.

दुसरी, ताईंकडे तडकलेला फोन आहे. त्यात गायरोस्कोप असेल तर झोपाळ्याचा प्रयोग आजच होतो. नवा टॅब्लेट त्यासाठी कशाला?

खडूफळा | ९.४०

फोनचा मुद्दा बरोबर. पुस्तकांचा मुद्दा उरतोच.

ओझरकर | दुपारी १२.१५

निवृत्त माणूस, वेळ भरपूर, म्हणून थोडा इतिहास.

५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी "आकाश" टॅब्लेट बाजारात आणला. सात इंची पडदा, अँड्रॉइड २.२, २५६ एमबी रॅम. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडला. तेव्हाच्या पेपरांत हीच मोठी बातमी होती, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात संगणक. पुढं पाच महिनेही झाले नाहीत तोच, २९ फेब्रुवारी २०१२ला, इंग्लंडात पहिला रास्पबेरी पाय विकायला आला. ३५ डॉलर. रॅम किती? तीही २५६ एमबीच.

म्हणजे ताकदीत दोघं फार लांब नव्हते. आज आकाश कुणाच्या माळ्यावर सापडला तरी त्यावर धड काही चालणार नाही. २०१२च्या त्या पायवर मात्र आजही कंपनीची ३२ बिटांची नवी ऑपरेटिंग प्रणाली बसते. मंद चालते, पण बसते. आकाशचा पडदा दाबाचा होता, बोट रुतवावं लागे, वगैरे दोष होतेच. पण खरा फरक असा की त्याची प्रणाली कुणाला बदलता येत नव्हती. विकणारा थांबला की वस्तू थांबली. आजच्या स्वस्त टॅब्लेटचंही तेच आहे. अपडेट दोन-तीन वर्षं आले तर नशीब.

पाय ज्यांनी काढला त्या एबेन अप्टन यांची तक्रार अशी होती की केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणारी मुलं कमी होत चाललीत आणि येतात त्यांनी घरी कधी यंत्र उघडून पाहिलेलं नसतं. आधीच्या पिढीकडे बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक होता. पायच्या मॉडेल ए आणि बी या नावांचं मूळ त्यातच आहे. आपल्याकडेही १९८४ साली केंद्राच्या "क्लास" योजनेत काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. ते कुलूपबंद खोलीत ठेवण्याची कला मात्र आपली स्वतःची.

एकलव्य२० | १२.३१

काका, शेवटच्या वाक्याला दंडवत. पण काळ बदललाय. टॅब्लेटवर टर्मक्स ॲप टाका, आख्खं लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट प्रणाली) मिळतं.

सोल्डर_आणि_चहा | १.२०

आख्खं नाही. टर्मक्समध्ये पायथॉन, गिट, एसएसएच सगळं छान चालतं, मीही वापरतो (प्ले स्टोअरवरचं नको, एफ-ड्रॉइडवरचं घ्या). पण अँड्रॉइड १२ पासून मागं चालणाऱ्या उपप्रक्रिया बत्तीसच्या वर गेल्या की प्रणाली त्या बिनदिक्कत मारते. पोरगं काही तरी मोठं चालवायला जाईल आणि मधेच बंद पडेल, का ते कळणार नाही.

आणि सर्किट जोडायला पिना कुठायत? एलईडी लावायचा तर ओटीजी वायरनं बाहेरचा बोर्ड जोडावा लागतो. आर्डुइनोड्रॉइड ॲपनं उनोवर प्रोग्राम चढवता येतो, खरं आहे. पण स्वस्त टॅब्लेटला एकच भोक. त्यात ओटीजी खुपसली की चार्जिंग बंद.

पायवेडा | १.४५

+१. आणि पायची एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मुलानं प्रणालीची वाट लावली तर कार्ड काढा, दुसऱ्या संगणकावर पुन्हा लिहा, अर्ध्या तासात नवं कोरं. मुलाला बिघडवायची भीती वाटत नाही. टॅब्लेटमध्ये हे स्वातंत्र्य नाही, प्रणाली सुरू करणारा बूटलोडर कुलूपबंद असतो.

लाईट जाण्याचा प्रश्न खरा आहे. लिहिता लिहिता वीज गेली की एसडी कार्डावरची फाईल प्रणाली मोडते. त्यावर उपाय आहे: पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले चालू केलं की कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं रॅममध्ये होतं. मग कितीदाही लाईट जाऊ दे. अर्थात नवं काही साठवायचं असलं की ते बंद करावं लागतं.

अंबड_लिंक_रोड | ४.००

तुम्ही दोन्ही बाजूंचे लोक "दुसऱ्या संगणकावर" हे शब्द सहज वापरताय. त्या मुलाकडे दुसरा संगणक आहे कुठं? ताईंनी यादी दिली आहे, त्यात नाही.

माझं मत, दोन्ही नको. सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा संपला. विंडोज ११ला जुने प्रोसेसर चालत नाहीत, त्यामुळे ऑफिसांनी गठ्ठ्यानं यंत्रं बाहेर काढली. इंटेलचा चौथ्या-सहाव्या पिढीचा आय ५, ८ जीबी रॅम, एसएसडी असं एम. जी. रोडला सहा-सात हजारांत मिळून जातं, घासाघीस करता येत असेल तर थोडं खालीही. त्यावर लिनक्स मिंट टाका. टीव्ही घरात आहेच. शिकण्यासाठी आणि रोजच्या वापरासाठी हे यंत्र कुठल्याही पायला मागं टाकतं. वजन आणि वीजबिल सोडून.

घेताना एसएसडी खरंच आहे का ते उघडून बघा, आणि मागं एचडीएमआय आहे का तेही. अनेक ऑफिस यंत्रांना नुसता डिस्प्लेपोर्ट असतो, मग वेगळी वायर आली.

गंगापूररोडकरीण | रात्री ९.१५

बापरे, दिवसभरात एवढं? सगळ्यांचे आभार. ओझरकर काका, कुलूपबंद खोली आमच्याही शाळेत होती, चपला काढून आत जायचं.

अंबड लिंक रोड, तुमचं वाचून मेव्हण्यांना फोन केला, तर ते म्हणाले आधी त्याला विचार तरी, तो करणार काय आहे. विचारलं. त्याला बागेत पानं ओली आहेत की नाही ते घरात बसून कळायला हवंय. बाबा रोज पहाटे बॅटरी घेऊन बागेत जातात आणि पानं चाचपतात, ते त्याला थांबवायचंय. बाग घरापासून शंभर-सव्वाशे पावलांवर सुरू होते.

हे पायवर होतं का?

सोल्डर_आणि_चहा | ११.०५

ताई, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असतात तर धागा निम्मा झाला असता. (कृ. ह. घ्या.)

होतं, पण पायवर करू नये. का ते आकड्यांत सांगतो, तुम्ही बँकेतल्या.

पाय ४ नुसता बसून राहिला तरी ३ वॅटच्या आसपास खातो. २४ तासांचे ७२ वॅट-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास, आणि शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाटही ती बघणार नाही. पायला झोपता येत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. शिवाय पानाच्या ओलीचा सेन्सर कमी-जास्त व्होल्ट देणारा, म्हणजे अ‍ॅनालॉग असतो आणि पायवर अ‍ॅनालॉग पिन एकही नाही. त्यासाठी एमसीपी३००८सारखी वेगळी चिप जोडा.

याउलट ईएसपी३२. चार-पाचशे रुपयांचा बोर्ड. वायफाय, ब्लूटूथ, अ‍ॅनालॉग पिना आतच. गाढ झोपेत चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. दर पंधरा मिनिटांनी पाच सेकंद जागा झाला आणि त्या वेळी १२० मिलीअँपिअर घेतले असं धरा. सरासरी ०.७ मिलीअँपिअरसुद्धा होत नाही. स्वस्त बोर्डावरचा दिवा आणि रेग्युलेटर झोपेतही वीज गळवतात, ते ५ धरा. तरी एकूण सहाच्या आत. अडीच हजार मिलीअँपिअर-तासांचा लिथियम सेल दोन आठवडे सहज चालेल. वर वहीएवढं सोलर पॅनेल टाकलं तर बघायलाच नको.

आता बारकावे, हे वहीत लिहून घ्यायला सांगा त्याला:

पॉवर बँक लावू नका. बोर्ड झोपला की ओढ इतकी कमी होते की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, ती आपोआप बंद होते. मग उठवायला बोर्ड जागा होऊ शकत नाही.

ओलीचा सेन्सर म्हणजे तांब्याच्या रेषांची कंगव्यासारखी पट्टी. पाणी पडलं की रेषांमध्ये वीज वाहते. सतत डीसी देत राहिलात तर काही दिवसांत एका बाजूचं तांबं खाल्लं जातं. म्हणून पट्टीला वीज थेट ३.३ व्होल्टवरून न देता एका जीपीआयओ (प्रोग्राममधून चालू-बंद करता येणाऱ्या) पिनवरून द्यायची. मोजायच्या क्षणी चालू, लगेच बंद.

अ‍ॅनालॉगसाठी ३२ ते ३९ मधली पिन घ्या. दुसऱ्या गटातल्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. नेटवरच्या निम्म्या उदाहरणांत हे लिहिलेलं नसतं आणि मुलं डोकं आपटत बसतात.

कुठल्याही पिनला ३.३ व्होल्टच्या वर नाही. उनोची सवय ५ व्होल्टची असते, इथं ५ दिले की पिन गेली. पायलाही हाच नियम.

शंभर पावलांसाठी घरचं वायफाय पुरणार नाही, पण ईएसपी-नाऊ पुरेल. दोन ईएसपी३२ राउटरशिवाय आपसांत बोलतात. एक बागेत, एक घरात खिडकीशी. घरातल्यानं वायफायलाही जोडायचं असेल तर दोन्हींचं चॅनेल एकच ठेवावं लागतं, नाहीतर निरोप हवेतच राहतो. घरातला बोर्ड एक साधं वेबपान दाखवेल आणि तुमचा तो तडकलेला फोन भिंतीवर लावून तेच पान उघडं ठेवा. फोन कायम चार्जरवर ठेवू नका मात्र, बॅटरी फुगते. रात्रीपुरता लावा.

वडनेर_भैरव | बुधवार, सकाळी ६.२०

राम राम. मी बागायतदार. कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण पानाच्या ओलीचं कळतं म्हणून दोन शब्द.

पोराची कल्पना चांगली आहे. डाऊनी (केवडा) रोगाची लागण व्हायला पान काही तास ओलं राहावं लागतं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे कोवळे असतात आणि परतीचा पाऊस किंवा दव आलं की झोप उडते. पान किती वाजता ओलं झालं आणि किती वाजता सुकलं हे लिहून मिळालं तर सोनं आहे. आम्ही अंदाजानं चालतो.

सेन्सर मांडवाच्या वर लावू नका. वरचं पान उन्हानं आधी सुकतं, आतलं ओलंच असतं. कॅनॉपीच्या (पानांच्या छताच्या) आत, घडाच्या पातळीला, थोडं तिरपं लावा म्हणजे पाणी साचणार नाही. आणि फवारणी झाली की पट्टी ओल्या फडक्यानं पुसा. औषधाचा थर बसला की ते यंत्र कोरड्यालाही ओलं म्हणायचं. बोर्डो मिश्रण मारल्यावर तर नक्की.

एक गोष्ट दादा-ताईंनो स्पष्ट सांगतो. यावरून फवारणी चुकवायची नाही. एक हंगाम पोराचा आकडा आणि बापाचा हात दोन्ही शेजारी शेजारी लिहा. मग बघू.

ओझरकर | ८.१०

वा! हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

सातपूरकर | ८.४५

दादांशी पूर्ण सहमत. भर एवढीच की तापमान-आर्द्रतेचा सेन्सर घेताना निळा डीएचटी११ नको. तापमानात दोन अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे होतो, दवाच्या कामाला निरुपयोगी. पांढरा डीएचटी२२ किंवा जमल्यास एसएचटी३१. आणि तो उन्हात उघडा टांगू नका, उन्हात सेन्सर स्वतःच तापतो आणि स्वतःचंच तापमान सांगतो. प्लास्टिकच्या पांढऱ्या बशा एकाखाली एक, मध्ये फट ठेवून, लांब स्क्रूवर ओवा आणि आत सेन्सर लपवा. वारा लागतो, ऊन लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरतो तेव्हा शेकोट्या कधी पेटवायच्या हेही त्याच आकड्यावर कळेल.

पुढं मागं तो पंप चालू-बंद करायला जाईल, मी सांगून ठेवतो. बाजारातलं दहा अँपिअरचं निळं रिले मॉड्यूल थ्री-फेज मोटरला लावायचं नाही. म्हणजे नाहीच. त्यासाठी स्टार्टर आणि काँटॅक्टर असतो, आणि ते काम वायरमनचं.

एकलव्य२० | १०.००

एवढं रामायण कशाला? कोड आजकाल एआय लिहून देतं. टॅब्लेटवर एआयला विचारा, ते सगळं सांगेल.

सोल्डर_आणि_चहा | १०.२२

सांगेल. "पिन १२ला जोडा" असंही सांगेल. ईएसपी३२ सुरू होताना पिन १२ वर वीज असली तर चिपला वाटतं फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे, आणि बोर्ड उठतच नाही. स्क्रीनवर कोड अगदी बरोबर दिसत असतो. मग मल्टिमीटर घेऊन बसावं लागतं, आणि तिथून पुढं खरं शिकणं सुरू होतं.

एकलव्य२० | १०.२५

बरं बाबा. मी टॅब्लेटवर सिनेमे बघतो.

खडूफळा | दुपारी २.१०

माझं मत बदललं असं म्हणा हवं तर. पण एक विनंती, त्याला लगेच बागेत पळवू नका. आधी घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर सेन्सर ठेवून कुकरच्या तीन शिट्ट्यांत आर्द्रता किती चढते ते वहीत काढू दे. आलेख कागदावर. आणि मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा, लिनक्स आणि पायथॉनचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. नेट मंद असलं तरी उतरवून ठेवता येतात.

पायवेडा | ३.३०

माझा पाय एकटा पडला राव. तरी नोंदवून ठेवतो: पुढं त्याला कॅमेऱ्यानं पानांचे फोटो काढून रोगाचे डाग ओळखायचे असतील तर ईएसपी३२ तिथं तोकडा पडेल, तेव्हा पायच लागेल. झीरो २ डब्ल्यू बघा, ५१२ एमबी रॅम पण आकारानं च्युइंगगमच्या पाकिटाएवढा आणि दरात परवडणारा. दुसऱ्या कंपन्यांचे ऑरेंज पाय वगैरे कागदावर जास्त ताकदीचे दिसतात, पण अडलं की उत्तर देणारे लोक कमी सापडतात. नववीतल्या मुलासाठी हा मुद्दा गिगाहर्ट्झपेक्षा मोठा.

सोल्डर_आणि_चहा | ३.४१

कॅमेऱ्याबद्दल मान्य. दहावी झाल्यावर.

गंगापूररोडकरीण | शनिवार, रात्री ८.३०

आज मेव्हणे आणि भाचा दोघं नाशिकला आले होते, एम. जी. रोड पालथा घातला. सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, आय ५, ८ जीबी, एसएसडी. दुकानदारासमोर उघडायला लावून बघितला, तो जरा चिडला, पण दाखवला. एचडीएमआय आहे. कीबोर्ड-माऊस त्यानंच टाकला. उरलेल्यात दोन ईएसपी३२, ओलीची पट्टी, डीएचटी२२, ब्रेडबोर्ड, वायरी, साधा मल्टिमीटर. लिथियम सेल आणि पॅनेल पुढच्या महिन्यात मेव्हणे घेणार आहेत, ते आता माझ्यापेक्षा जास्त उत्साहात आहेत. टॅब्लेटचं नावही काढलं नाही. दहा हजारांतले थोडे परत आले, त्याची मिसळ झाली.

मिंट भाच्यानंच टाकलं. आता अडलंय ते असं: बोर्ड वायरनं जोडला की त्यावरचा लाल दिवा लागतो, पण आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये पोर्टच दिसत नाही. बोर्ड खराब निघाला का? दुकान सोमवारी उघडेल.

सातपूरकर | ८.४४

बोर्ड बहुतेक ठीक आहे. वायर कुठली लावली? चार्जरसोबत आलेल्या बऱ्याच वायरींत नुसत्या विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या नसतातच. दिवा लागतो, बाकी काही नाही. ज्या वायरनं फोनमधले फोटो संगणकावर येतात ती लावा.

अंबड_लिंक_रोड | ८.५०

वायर बदलूनही नाही दिसलं तर मिंटवर आणखी दोन गोष्टी. एक, त्याचं खातं डायलआऊट गटात घाला आणि लॉगआऊट करून परत या. दुसरं, बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम असतो, अंधांच्या ब्रेल यंत्रासाठी. बोर्डावर सीएच३४० चिप असेल तर काही आवृत्त्यांत तो तिलाच ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावतो. घरात ब्रेल यंत्र नसेल तर काढून टाका.

गंगापूररोडकरीण | ९.२०

वायरच होती. फोन आला आत्ता, दिसलं पोर्ट. दिवा लुकलुकतोय म्हणे, आणि बहिणीला कुकर लावायला सांगितलंय.